तुम्ही बुजवलेल्या सात जखमा

मुरलीकाका,

तुमच्या तेराव्याला मी नीट जेवले नाही असं कुणी तुम्हाला कळवलं असेल, तर ते साफ खोटं आहे. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि काकूंनी आग्रहानं वाढलेली तिसरीही खाल्ली. रडले, नाही असं नाही. पण ते जेवण झाल्यावर, मोरीत हात धुताना. पेपरातला तुमचा फोटो पाहून मात्र हसू आवरलं नाही. पांढरी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि चेहरा असा की जणू कुणीतरी तुमची पटाशी न विचारता उचललीय. खाली चार ओळी होत्या: औरंगपुऱ्यातले जुने कारागीर, देव्हारे, पाळणे आणि देवीचे मुखवटे घडवणारे. आमच्या चॅपलमधल्या संताचं त्यात नावही नाही. सात वर्षं ज्याच्यावरून आपण दर रविवारी भांडलो, त्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. म्हणून मी लिहायला बसले. शिवाय काल आमचा सण झाला, आणि सणाच्या आदल्या दिवशी जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तुम्ही त्याला पहिल्यांदा पाहिलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. पण त्याच्याही आधीचं थोडं सांगते, कारण तेव्हा मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

छावणीच्या बाजूचं आमचं चॅपल म्हणजे पन्नास माणसं बसली की भरणारी जागा. तिथं डाव्या कोनाड्यात संत सेबास्तियन उभा असतो. अडीच फूट उंचीचा, लाकडाचा, रंगवलेला. निजामाच्या वेळी बँडमध्ये वाजवायला आलेल्या कुणा गोवेकरानं त्याला गोधडीत गुंडाळून इकडे आणलं, असं जुने लोक सांगायचे. रोमच्या बादशहाचा हा शिपाई. येशूला मानतो हे कळल्यावर बादशहानं त्याला झाडाला बांधलं आणि स्वतःच्याच तिरंदाजांकडून त्याच्यावर बाण सोडले. मूर्तीत झाड आहे, दोर आहे, कमरेचं सोनेरी वस्त्र आहे. बाण मात्र माझ्या आजीच्या वेळीच हरवले होते. मागं राहिली होती बाण खोवायची सात भोकं, आणि प्रत्येक भोकाखाली बारीक रक्ताचा ओघळ.

बाण नाहीत म्हणून आमच्या बायकांनी एक रीत पाडली. सणाच्या दिवशी, मिसाच्या म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या आधी, प्रत्येक भोकात शेवंतीचं फूल देठासकट खोवायचं. जुनी घरं सातच, आणि कुठल्या घराचं भोक कुठलं हे ठरलेलं. आपापल्या घरचं जे दुखणं असेल ते मनात म्हणायचं आणि फूल खोवायचं. आमच्या घरचं भोक डाव्या बरगडीखालचं. माझी आई तिथं फूल खोवायची आणि म्हणायची, "जॉनी, हे तुझं." जॉनी म्हणजे माझ्या आधीचा मुलगा. दोन वर्षांचा असताना तापानं गेला. मी त्याला पाहिलेलं नाही, पण दर जानेवारीत त्याचं नाव ऐकत मोठी झाले. आई गेली त्या वर्षी पहिल्यांदा मी तिच्या जागी उभी राहिले आणि ते फूल खोवलं. तेवढं एकदाच. पुढच्या सणापर्यंत ते भोक राहिलंच नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर संताला कीड लागली. मांडीवर, पाठीवर बारीक बारीक भोकं पडायला लागली, पायाशी रोज पिवळा भुगा जमायचा. कमिटीनं काम माझ्यावर सोपवलं, कारण मी चित्रकलेची शिक्षिका, म्हणजे मला यातलं सगळं कळतं अशी त्यांची समजूत. मी त्याला आईच्या शालीत गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. शालीतून त्याचा एक हात बाहेर आला होता. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "क्या बाजी, तीरवाले बाबा को कां लेके जारे?" आमच्या गल्लीत सगळे त्याला तीरवाले बाबाच म्हणतात. म्हटलं, दवाखान्यात.

तुम्ही शाल उलगडलीत आणि मूर्ती चहूबाजूंनी फिरवून पाहिलीत. मी लगेच शिकवायला सुरुवात केली. या घडणीला बरोक म्हणतात, यात काहीच सरळ उभं नसतं, गुडघा एकीकडे, कंबर दुसरीकडे, मान तिसरीकडे, डोळे आभाळात, वस्त्र वाऱ्यावर. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, ह्ये तर आमच्या वेरूळचं हाय. तीन जागी वाकलेलं. फकस्त नाचायचं सोडून मरायला उभं केलंय." मला राग आला, कारण इतकं नेमकं माझ्या कॉलेजातल्या सरांनाही सांगता आलं नव्हतं.

आता ती गोष्ट लिहिते, जी मी सात वर्षं कुणालाच सांगितली नाही. मला शाळेला उशीर होत होता. मी दारातूनच म्हणाले, "कीड मारा, सुटलेला रंग बसवा, आणि सगळी भोकं बुजवा." तुम्ही विचारलंत, "सगळी?" मी म्हटलं, "सगळी म्हणजे सगळी." आणि रिक्षात बसले. माझ्या डोक्यात फक्त किडीची भोकं होती. बाणांची भोकं आम्हाला कधी भोकं वाटलीच नव्हती, ती जखमा होत्या. पण हे तुम्हाला कसं कळावं? तुम्हाला ना बाण दिसत होते, ना कुणी गोष्ट सांगितली होती.

त्या वर्षीच्या सणाच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः त्याला घेऊन आलात, नवा सदरा घालून. बायका सजावटीला जमल्या होत्या. तुम्ही शाल अशी उलगडलीत की सत्कारच चाललाय. आणि आतून निघाला एक गुटगुटीत, गुळगुळीत, गुलाबी गालांचा तरुण. एक ओरखडा नाही. एक थेंब रक्त नाही. सातही भोकं गायब. कमरेच्या वस्त्राला नवा वर्ख. ऐंशी वर्षांच्या रोझीमावशी म्हणाल्या, "अगं बाई, हा तर लग्नाला निघाला!"

तुम्हाला ते कौतुक वाटलं. तुम्ही म्हणालात, "बगा ना मावशी, डागसुद्धा ठिवला नाय."

मग मी जे बोलले ते मला आठवतं आणि तुम्हालाही आठवत असणार. चॅपलमध्ये एवढ्या आवाजात कुणी बोलत नाही. मी म्हटलं, तुम्ही आमच्या संताचं वाटोळं केलंत. तुम्ही गोंधळून म्हणालात, "खंडित मूर्ती पुजायची नसती, बाई. आमच्यात टवका उडाला तरी इसर्जन करत्यात. तुमच्या देवाच्या अंगाला सात भोकं. मला वाटलं किडीनंच खाल्लं, आन लाल रंग ओघळलाय."

"ते बाण लागलेत त्याला!"

"बाण? कुठं हायेत बाण?"

"हरवले."

"मंग बाण गेले, जखम भरली. माझा गुन्हा काय झाला?"

रोझीमावशी फुलं हातात धरून खांबाआड जाऊन हसल्या. मला हसू आलं नाही. मला आईचं फूल दिसत होतं आणि ते कुठं ठेवायचं हे कळत नव्हतं. शेवटी आम्ही शेवंत्या दोऱ्यानं बांधून त्याच्या अंगाभोवती गुंडाळल्या. आधीच नवरदेव, त्यात मुंडावळ्या. कमिटीनं चूक कुणाची असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फरशीकडे पाहिलं. "सगळी म्हणजे सगळी" हे शब्द तुम्ही त्या दिवशीही उच्चारले नाहीत आणि पुढे कधीही नाही. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझ्याकडनं." आणि चहा न घेता निघून गेलात.

पुढच्या रविवारी मी तुमच्या दुकानात आले ती माफी मागायला. खरंच. औरंगपुऱ्यात स्कूटी लावायला जागा शोधताशोधता वाक्यही पाठ केलं होतं. पण तुम्ही रंधा मारत होतात, मान वर न करता म्हणालात, "या बाई, भांडायला आल्या का?" आणि माझं वाक्य गेलं कुठच्या कुठं. मी म्हटलं, हो, भांडायलाच. ती भोकं पुन्हा उघडा. तुम्ही म्हणालात, "नाय. भरलेली जखम म्या माज्या हातानं उघडणार नाय. दुसऱ्याला बोलवा." दुसऱ्याला कोण बोलावणार? इतक्या जुन्या लाकडाला नवख्या माणसानं हात लावला आणि ते तडकलं तर? तुम्हीही हे जाणून होता. बशीत चहा ओतून माझ्यापुढं सरकवलात, आणि आपला रविवारचा कार्यक्रम ठरून गेला. मिसा, मग औरंगपुरा, मग चहा, मग भांडण.

तुम्हाला हरवायला म्हणून मी संतांच्या चरित्रांचं एक जाड पुस्तक मिळवलं. त्यात वाचलं आणि कपाळावर हात मारला. सेबास्तियन बाणांनी मेलाच नव्हता! तिरंदाज त्याला मेला समजून सोडून गेले. एका विधवा बाईनं रात्री त्याला घरी नेलं, बाण उपसले, जखमा धुतल्या, महिनोन् महिने सेवा केली आणि तो खडखडीत बरा झाला. ही गोष्ट मी तुमच्यापासून पूर्ण एक महिना लपवून ठेवली. मग राहवेना, म्हणून सांगितली. तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. काकूंना आतून हाक मारलीत. "अगं ये, आईक! बाईच्याच पुस्तकात लिवलंय! त्या बाईनं केलं त्येच म्या केलं!"

मी म्हटलं, पुढचं ऐका. बरा झाल्यावर तो पळून गेला नाही. परत बादशहासमोर जाऊन उभा राहिला, आणि मग बादशहानं त्याला सोटे घालून मारलं. तो हुतात्मा आहे, काका. जखमा ही त्याची ओळख आहे.

"म्येला त्यो सोट्यानं," तुम्ही म्हणालात. "बाणाची भोकं भरली व्हती. पुस्तकात लिवलंय."

त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही ही गोष्ट सांगायला लागलात. देव्हारा न्यायला आलेल्या माणसाला आधी सेबास्तियन ऐकावा लागायचा. एकदा कुणी विचारलं, हे कुठलं पुराण हो? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "रोमकडलं." आमच्या फादरांनी इतकी वर्षं प्रवचनं दिली, पण आमच्या संताचा एवढा प्रचार या शहरात कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

वेरूळला मी तुम्हाला कोंडीत पकडलं होतं, ते आठवतं ना? तुम्ही, काकू आणि मी एसटीनं गेलो होतो, आणि काकूंनी वाटेत पेरू घेतले होते. एका लेण्यात हात तुटलेल्या मूर्तीपुढं तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. मी म्हटलं, "बसवा की हात. खंडित आहे." तुम्ही जराही न गडबडता म्हणालात, "ही पूजेत नाय. बघायच्या देवाला हाय तसं ठिवायचं. पूजेतल्याला पुरं करायचं. त्याच्याफुडं माणूस रोज येतंय, त्याला तुटलेलं काहून दाखवायचं?" मी म्हटलं, कारण येणारा माणूसही तुटलेलाच असतो. तुम्ही पेरू खात विचार केलात आणि म्हणालात, "हे बी खरं हाय. पर माझं जास्ती खरं हाय." काकू म्हणाल्या, तुमी दोघं हितंच ऱ्हावा, मी जाते बसनं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात लाइट गेली होती. पंखा बंद, रस्त्यावर शुकशुकाट, भांडायलाही अंगात त्राण नाही. तेव्हा मी पहिल्यांदा तुम्हाला आईचं सांगितलं. आमच्या घरचं भोक कुठलं, जॉनी कोण, आई दरवर्षी काय म्हणायची, सगळं. तोवर मी फक्त "ती आमची रीत आहे" एवढंच म्हणत आले होते, तेही आवाज चढवून. तुम्ही हातातला पॉलिश पेपर उलटसुलट करत ऐकत राहिलात.

"किती वर्सं खोवलं म्हणल्या फूल?"

"तीसच्या वर."

"एकाच जागी?"

"हो."

तुम्ही पेपर खाली ठेवलात. मग म्हणालात, "कुणीतरी भरू द्यायची व्हती ती." मला ते लागलं. मी चहा न पिता उठले आणि पुढचे दोन रविवार आले नाही. तिसऱ्या रविवारी आले तेव्हा तुम्ही काहीच झालं नसल्यासारखं विचारलंत, "काय म्हणतंय रोम?"

पुढच्या जानेवारीत, म्हणजे चार वर्षांपूर्वी, तुम्ही चॅपलची किल्ली मागितलीत. दोन दिवस. धूळ काढायची, रंगाला हात मारायचा, आणि त्या दोन दिवसांत कुणी आत यायचं नाही. तिथून दर जानेवारीला तुमचं हे सुरू झालं. मी दोनदा खिडकीतून डोकावायचा प्रयत्न केला, तर तुम्ही आतून पडदा लावला होता. मला वाटलं, वय झालं की माणसं चमत्कारिक होतात. सणाला तुम्ही मागच्या बाकावर बसायचात, आम्ही शेवंत्या दोऱ्यानं बांधायचो ते पाहायचात, आणि नंतर केकचे दोन तुकडे खायचात. मला कित्येकदा वाटायचं, हा माणूस मिशीत हसतोय. पण तुमच्या मिशीतलं काही कधी नीट दिसायचं नाही.

आणि आता, या महिन्याच्या सुरुवातीला, तुम्ही गेलात. कमिटीनं दहाव्या दिवसापर्यंतच काय ती कळ काढली. मग नवे फादर हळूच म्हणाले, "त्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून इतकी वर्षं सगळे थांबले. आता भोकं उघडायला हरकत नसावी. हे काम तुमच्याशिवाय कोण करणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सात वर्षं मी जे मागत होते ते माझ्या पदरात पडलं होतं, आणि मला जराही आनंद झाला नाही. तुमच्याशी भांडून जिंकायचं होतं, तुमच्या मागं नाही.

तेराव्याच्या दिवशी निघताना मी काकूंना विचारलं, काकांचं गिरमिट न्यायला देता का? हातानं फिरवायचं, बारीक भोक पाडायचं, ते. त्यांनी ट्रंकेतून काढून दिलं, कापडात गुंडाळलेलं. का हवंय हे त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "जोर लावू नगा. पैल्यांदा हळू फिरवा, आन बगा."

परवा दुपारी चॅपलमध्ये मी आणि रोझीमावशी दोघीच होतो. मावशी आता ऐंशीच्या बऱ्याच पुढं गेल्यात, पण टॉर्च धरायला मीच येणार म्हणून हट्ट धरून बसल्या. मी संताला टेबलावर आडवं घेतलं, खाली आईची शाल. उजव्या खांद्यावरची जागा मला पाठ होती. गिरमिटाचं टोक टेकवलं. आधी तुमच्यावर एकदा मनसोक्त चिडून घेतलं. मग हळू फिरवलं. अर्ध्या फेरीतच रंगावर एक गोल रेघ उमटली. मी गिरमिट मागं ओढलं, आणि त्याच्या टोकाला अडकून अख्खी खुंटीच बाहेर आली.

खुंटी! पेन्सिलीएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब, सागाची. चिकटवायचा सरस नाही, बुजवायची लांबी नाही, बाजूनं नुसतं मेण फासलेलं. माथ्यावर अंगाचा रंग असा बेमालूम की चार वर्षांत कुणाला शंका आली नाही. बुडाला तुमच्या पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, एक. भोकाच्या आत पाहिलं तर तिथं लाल रंगाचा हात दिलेला, ताजा, स्वच्छ. रोझीमावशी म्हणाल्या, "अगं, हे तर झाकण आहे!"

दोन, तीन, चार. प्रत्येक खुंटी अर्ध्या फेरीत हातात. पाचवीला मी गिरमिट टाकून दिलं, नखानंच निघाली. सहावीही निघाली. मी हसत होते, रडत होते, तुम्हाला शिव्या देत होते, आणि मावशी म्हणत होत्या, चॅपल आहे ग, चॅपल आहे. तेव्हा पडद्यामागं तुम्ही दोन दिवस हे करत होतात तर! तोंडानं "उघडणार नाय" म्हणत हातानं सगळं उघडून ठेवलं होतंत.

मग सातवं. डाव्या बरगडीखालचं, आमच्या घरचं. गिरमिट टेकवलं, फिरवलं. रेघ नाही. पुन्हा फिरवलं, थोडा जोर लावून. काही नाही. नखानं चाचपलं, बोटानं ठोकलं. आतून भरीव आवाज आला.

मी काकूंना फोन लावला. विचारलं, सातवी का निघत नाही?

"ती न्हाय निघायची," काकू म्हणाल्या. "ती त्यांनी खरोखर भरलीय. जुनं लाकूड घालून, सरस लावून. मला म्हणले, बाईच्या आईची तीस वर्सं वाहत व्हती. सहा जखमा त्यांच्या रीतीला ठिवतो, एक तरी बरी व्हऊ दे."

मग एवढंच विचारलं, की मला का नाही सांगितलं? चार वर्षं?

काकू हसल्या. "सांगणार व्हते की. म्हणायचे, बाईनं एकदा म्हणू दे, माझं चुकलं. लगीच खुंट्या काढून दावतो. दर ऐतवारी वाट बघायचे बगा. तुमी गेल्या की म्हणायचे, आज बी नाय म्हणली."

म्हणजे तुम्हाला आठवत होतं. "सगळी म्हणजे सगळी." अर्थातच आठवत होतं. तुम्ही माझी चूक सात वर्षं स्वतःच्या नावावर वागवलीत, आणि त्या बदल्यात माझ्याकडून दोन शब्द हवे होते, तेही चहा पिताना, दुकानात, कुणीही ऐकत नसताना. आणि मी दर रविवारी येऊन तुम्हाला हुकूम सोडत राहिले. खोचट म्हातारे होतात तुम्ही, काका. आणि मी तुमच्यापेक्षा खोचट. आपल्या दोघांत कोण जास्त हे काकूंनाच विचारायला हवं.

माझं चुकलं, मुरलीकाका. मीच सांगितलं होतं.

काल सकाळी मिसाच्या आधी हे मी सगळ्यांसमोर बोलले. खुंट्या हातावर ठेवून दाखवल्या. पोरं पुढं सरसावली, त्यांना आकडे वाचायचे होते. नवे फादर हसायला लागले. कमिटीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रोझीमावशी म्हणाल्या, "चूक तुझी होती हे आम्हाला काय माहीत नव्हतं? सात वर्षं तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. आता बाजूला हो, मला फूल खोवू दे." मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या, तेरावं झाल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या.

एकेक घर पुढं आलं. खांद्यात शेवंती, दंडात शेवंती, मांडीत शेवंती. सात वर्षांनी देठ आत गेले. संत पुन्हा आमच्या ओळखीचा दिसायला लागला, गाल मात्र तुमचेच, गुलाबी. सहा फुलं झाली. मी माझं सातवं हातात घेऊन उभी होते. गिरमिट माझ्या पर्समध्ये होतं. मनात आणलं असतं तर परवा संध्याकाळी पुन्हा जाऊन पाडता आलं असतं भोक, तेवढी कला मलाही येते. मी त्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथं आता काहीच लागत नव्हतं.

रोझीमावशींनी विचारलं, "तुझं कुठं खोवायचं?"

मी म्हटलं, "आमच्या घरचं बरं झालं, मावशी."

आणि काका, ते फूल मी केसांत माळलं.